संधिपाद प्राण्यांचं रक्ताभिसरण

कीटक, कोळी, खेकडे, गोम या सगळ्या संधिपाद (सांधे असलेल्या पायांच्या) प्राण्यांच्या शरीरात रक्त परत आणणाऱ्या शिरा नसतात, ते अवयवांभोवतीच्या पोकळीत मोकळं सुटतं, म्हणून याला खुलं रक्ताभिसरण म्हणतात. पोकळी म्हणजे रक्तगुहा आणि हे रक्त म्हणजे हिमोलिंफ नावाचा द्रव. झुरळ चिरडल्यावर जो पांढरट लगदा येतो तो मात्र निव्वळ हिमोलिंफ नव्हे, त्यात चरबीही असते.

झुरळाचं हृदय पाठीच्या कवचाखालची लांब नळी असते, पाठ्यपुस्तकांत तिचे १३ कप्पे सांगतात. नळी सैलावली की बाजूच्या फटींतून रक्त आत येतं, आवळली की फटींच्या झडपा मिटतात आणि रक्त डोक्याकडे जातं. मिशा आणि पंखांसाठी छोटे वेगळे पंप असतात. फुलपाखरांत तर हृदय अधूनमधून उलट्या दिशेनेही चालतं.

कीटकांत ऑक्सिजन श्वासनलिकांतून थेट पेशींपर्यंत जातो, त्यामुळे रक्त लाल असायचं कारणच उरत नाही (माशी मारल्यावर दिसणारा लाल डाग तिच्या डोळ्यांतल्या रंगद्रव्याचा). खेकडे आणि बहुतेक कोळ्यांत मात्र रक्तातलं हिमोसायनिन हे तांबं असलेलं प्रथिन ऑक्सिजन वाहून नेतं. कीटकांत ते नसतंच असं बराच काळ धरलं जायचं, पण २००४ मध्ये स्टोनफ्लाय या कीटकात ते ऑक्सिजन वाहताना सापडलं.

‘खुलं’ या शब्दावरच वाद आहे. खेकड्यांच्या धमन्यांना फाटे फुटत फुटत त्या केशवाहिन्यांइतक्या बारीक होतात, म्हणून काही संशोधक ‘अंशतः बंद’ म्हणतात, आणि निदान खेकड्यांपुरतं ते जास्त पटतं. संधिपादांच्या पूर्वजांत मूळ रचना कशी होती हे त्याहून अवघड. चीनच्या युन्नानमधल्या चेंगजियांगच्या, सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीच्या फुशियानहुइया या प्राचीन संधिपादाच्या जीवाश्मात नळीसारखं हृदय आणि मेंदूकडे जाणाऱ्या भरपूर वाहिन्या दिसतात असं २०१४ मध्ये मांडलं गेलं. ते खरं धरलं तर कीटकांची साधी नळी ही नंतर झालेली काटछाट ठरते. पण २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने हे ठसे कुजताना वाढलेल्या जिवाणूंच्या थरांचे असू शकतात असं म्हटलं, तेव्हा एवढ्या एका जीवाश्मावर भिस्त न ठेवलेली बरी.

कोळ्यांत हा द्रव पायही हलवतो. त्यांच्या पायांच्या दोन मुख्य सांध्यांत पाय सरळ करणारे स्नायूच नसतात, ते काम द्रवाचा दाब करतो, म्हणून मेलेल्या कोळ्याचे पाय आत मुडपलेले असतात.