गाडी उचलली, पण गोळा तिथंच

पलूस तालुक्यात माझ्या चुलतभावाचं रान आहे, अर्धं द्राक्षाचं, अर्धं उसाचं. डांबरी रस्त्यापासून बागेपर्यंत काळ्या मातीची पाऊण किलोमीटरची पाणंद. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्या पाणंदीत वीतभर खोल चाकोरी पाडतात. मध्ये मातीचा वरंबा उभा राहतो. ट्रॅक्टर त्यावरून आरामात जातो. पिकअप मात्र वरंब्यावर पोट टेकते आणि मागची चाकं जागच्या जागी फिरत बसतात. मग शेजारचा ट्रॅक्टर बोलवा, दोरखंड शोधा. तोवर तोडलेली द्राक्षं उन्हात.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मळ्यातल्या एकानं आपली पिकअप उचलून घेतली. मागचं हाउसिंग, म्हणजे मागच्या आसाचं लोखंडी कवच, आणि त्यावर गाडी पेलणारे स्प्रिंगचे पाटे यांच्या मध्ये चार इंचांचे लोखंडी ठोकळे बसवले, पुढूनही तेवढीच उंच केली. गाडी दिसायला झोकदार झाली. पहिल्याच पावसानंतर ती त्याच पाणंदीत, त्याच वरंब्यावर अडकली. भाऊ मला म्हणाला, ‘दादा, चार इंच वर गेलेली गाडी टेकतीच कशी? तू शाळेत फिजिक्स शिकवतोस, सांग की.’

मी त्याला त्याच्या स्वतःच्या पिकअपखाली वाकायला सांगितलं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध हाउसिंगचा गोळा असतो. डिफरन्शियलची, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारी, दातेरी चाकं त्याच्या पोटात असतात. त्या गोळ्याचा तळ मातीनं घासून आरशासारखा चकचकीत झाला होता आणि ड्रेन बोल्टच्या कडेला हराळीच्या काड्या अडकल्या होत्या. जमिनीला लागत होता तो हाच भाग.

हा गोळा चाकांच्या आसावर बसलेला असतो. चाक जेवढं उंच, त्याच्या निम्म्यावर आस, आणि आसाखाली गोळ्याचं निम्मं पोट लोंबतं. समजा चाकाची त्रिज्या ३५ सेंमी आहे आणि आसापासून गोळ्याचा तळ १६ सेंमी खाली आहे. मग गोळ्याखाली मोकळी जागा उरते १९ सेंमी. या हिशोबात पाटे कुठं आले? आलेच नाहीत. पाटे, ठोकळे, शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारी कडी) हे सगळं आसाच्या वर असतं. तिथं तुम्ही चार इंच घाला नाहीतर चाळीस, वर जाईल ती चेसिस, हौदा आणि केबिन. गोळा १९ सेंमीवरच राहणार. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. हौद्यात दीड टन माल भरला तरी टायर दबतो तेवढाच गोळा खाली येतो, कारण भारानं पाटे बसतात, आस बसत नाही. म्हणून हवा कमी असलेल्या टायरांनी भरलेली गाडी पाणंदीत घालणं म्हणजे असलेली उंची आपल्या हातानं घालवणं.

गोळा वर न्यायचा तर चाकच मोठं हवं. २१५/७५ आर १५ हा टायर घ्या. २१५ मिमी रुंदीच्या ७५ टक्के म्हणजे १६१ मिमी झाली एका बाजूच्या भिंतीची उंची. दोन भिंती आणि १५ इंची रिम म्हणजे ३८१ मिमी, मिळून व्यास साधारण ७०३ मिमी. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास होतो ७३३ मिमी. वाढ ३० मिमीची, पण आस वर जातो निम्माच, १५ मिमी. शिवाय फुकट काही मिळत नाही. चाकाचा घेर चार टक्क्यांनी वाढतो, म्हणजे काटा ६० दाखवत असताना गाडी साडेबासष्टनं पळत असते आणि चढावर चाकाला मिळणारा जोर चार टक्क्यांनी घटतो. असं मोठं चाक कमानीत घासू नये म्हणून गाडी थोडी उचलावी लागते. उचलण्याचा खरा उपयोग इथं आहे. मोठ्या चाकाला ती जागा करून देते.

दुसरा उपयोग चेसिसला लटकलेल्या वस्तूंसाठी. भावाच्या गाडीखाली आणखी एक खूण होती: मागच्या टोकाखालची स्टेपनीची पट्टी वाकली होती. ओढ्यातून काठावर चढताना गाडीची शेपूट टेकत होती. मागचं टोक चाकापासून १ मीटर मागे आणि ५० सेंमी उंच असेल तर साडेसव्वीस अंशांपर्यंतचा चढ निभावतो. ५ सेंमी उचललं तर जवळपास एकोणतीस. इथं पाटे कामाला येतात. म्हणून पैसे काढण्याआधी खाली वाकून काय घासलंय ते पाहावं, असं मी ज्याला त्याला सांगतो.

टू-व्हील ड्राइव्ह गाडी स्वस्तात उचलता येते याचं कारण साधं आहे. पुढच्या चाकांना ताकद जात नाही, त्यामुळे पुढे शाफ्ट नाही, डिफरन्शियल नाही, त्यांचे कोन सांभाळायचे नाहीत. मागे तीन मार्ग. पहिला शॅकल लांब करण्याचा. शॅकल पाट्याच्या एका टोकाला असतं आणि आस मध्यावर. त्यामुळे तरफेच्या हिशोबानं शॅकल ४ इंच वाढवलं की आसापाशी गाडी २ इंचच उचलते, वर हाउसिंग थोडं पिरगळलं जातं ते वेगळंच. दुसरा मार्ग ठोकळ्यांचा. तो स्वस्त, पण ठोकळा जितका उंच तितका पाट्यावरचा पीळ मोठा. क्लच सोडल्यावर आणि ब्रेक दाबल्यावर हाउसिंग स्वतःभोवती फिरायला बघतं. पाट्याला इंग्रजी ‘एस’सारखा बाक येतो आणि गाडी हिसके देते. ठोकळ्यावर ठोकळा कधीही रचू नये, आणि पुढच्या आसावर तर एकही नको. ब्रेकचा मोठा मार पुढे पडतो आणि स्टिअरिंगही तिथंच असतं.

तिसरा मार्ग पाट्यांचा, आणि मला तोच पटतो. कमान-पाट्याचं काम करणारे कारागीर महामार्गाकडेला जागोजागी असतात. बसलेल्या पाट्यांना ते पुन्हा बाक देतात, किंवा जुडग्यात एक पाटा वाढवतात. मी भावाबरोबर गेलो तेव्हा कारागिरानं सेंटर बोल्ट काढून पाच पाटे जमिनीवर ओळीनं मांडले. मधल्या पाट्यांच्या टोकांनी घासून वरच्या पाट्यांवर खोबणी पडल्या होत्या. त्यानं सूत धरून एकेकाचा बाक मोजला आणि म्हणाला, ‘साहेब, गाडी मुळात दीड इंच बसलीय. आधी ती व्हती तिथं आणू, मग उचलायचं बघू.’ मी वहीत केलेल्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा हे वाक्य मोलाचं होतं.

पाटा वाढवताना एक गणित सांभाळावं लागतं. जुडग्याचा ताठरपणा पाट्यांच्या संख्येच्या पटीत वाढतो, पण जाडीच्या घनाच्या पटीत. पाचाला तेवढाच सहावा जोडला तर जुडगा २० टक्के ताठ होतो. सगळे पाटे १० टक्के जाड घेतले तर १.१ चा घन, म्हणजे ३३ टक्के. ताठ पाट्यावर रिकामी किंवा अर्धी भरलेली गाडी ठणठण उडते. भारानं स्प्रिंग १० सेंमी दबत असेल तर गाडी सेकंदाला दीड-पावणेदोन वेळा डुलते. ५ सेंमीच दबत असेल तर सव्वादोन वेळा, आणि धक्के कोरडे लागतात. क्रेटमधली द्राक्षं हे धक्के सोसत नाहीत, मणी देठापासून सुटतात. म्हणून भावाला मी बाक देऊन घ्यायला आणि एकच पातळ पाटा वाढवायला सांगितलं.

आता शाफ्ट. गिअरबॉक्सपासून गोळ्यापर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात, मिस्त्री त्यांना क्रॉस म्हणतात. १६७८ साली स्प्रिंगचा नियम छापणाऱ्या रॉबर्ट हूक यांचंच नाव या सांध्यालाही आहे. पाटे आणि क्रॉस अशा दोन्ही जागी एकच माणूस भेटतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. सांधा वाकलेला असला की एकसमान फिरत नाही. १० अंशांना प्रत्येक फेरीत वेग दोनदा दीड टक्का पुढे-मागे होतो. २० अंशांना सहा टक्के. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाची चूक दुसरा खोडतो. गाडी उचलल्यावर किंवा हाउसिंग पिरगळल्यावर हा जुळणीचा तोल जातो आणि ठरावीक वेगाला गाडीत घूंऽऽ असा कंप येतो. उपाय म्हणजे पाटा आणि हाउसिंग यांच्या मध्ये योग्य कोनाची पाचर.

सगळ्यात धोक्याची गोष्ट मात्र आवाज करत नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या हाउसिंगवरून चेसिसवरच्या एका झडपेकडे बारीक दांडी जाते. माल भरला, चेसिस खाली आली की दांडी झडपेला ते कळवते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी उचलली की चेसिस कायमची वर. झडपेला वाटतं गाडी रिकामी आहे. दीड टन माल भरलेला असतानाही मागचे ब्रेक अर्ध्या जोरानं लागतात. शेजाऱ्याच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं, आणि ते काम करून देणाऱ्यानं त्याला याबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. जेवढी गाडी उचलली तेवढीच दांडीची बैठक सरकवून घ्यावी लागते. ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना तेही पाहावं, पुढचं अलाइनमेंट करावं आणि हेडलाइट खाली वळवावेत.

तोलाचा हिशोबही करून पाहिला. चाकांमधलं अंतर १.४ मीटर, रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य ०.७ मीटर उंच धरा. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ती कागदावर ८० किमी वेगापर्यंत कलंडत नाही. त्याआधी टायरच घसरतात. क्रेट रचून गुरुत्वमध्य १.१ मीटरवर गेला की हा आकडा येतो ६४ वर. आता ती घसरायच्या आधी कलंडते. ५ सेंमी उचलली तर ६२, चार इंच उचलली तर ६१. प्रत्यक्षात पाटे एका बाजूला दबतात, म्हणून खरे आकडे याहूनही कमी. म्हणजे उचलण्यापेक्षा क्रेटचा चौथा थर जास्त घातक. पण दोन्ही एकत्र आले आणि समोर पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यानंतरचं ते ‘एस’ वळण असलं, तर ते दोन-तीन किलोमीटर जिवावरचे ठरतात.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावलं. बसलेले पाटे मूळ उंचीवर आणणं वेगळं आणि चार इंचांचे ठोकळे वेगळे. वाढीव टायर घालण्याआधीही आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावं. अपघातानंतर विचारणा होते ती गाडीमालकाकडे.

आम्ही शेवटी काय केलं? पाट्यांना बाक दिला, एक पातळ पाटा घातला, दांडीची बैठक सरकवली, स्टेपनीची पट्टी सरळ करून दोन इंच वर बांधली. टायर झिजले नव्हते, म्हणून मूळ मापाचेच ठेवले आणि हवा मोजून भरायची सवय लावली. पावसाळ्यात रिकामी जाताना मागच्या आसावर तीन-चार पोती वाळू, मिळून १५० किलो. रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांवर ६०० किलो भार असेल तर पकड चौथाईनं वाढते. आणि भाऊ आता चाकोरीत उतरतच नाही: एक चाक मधल्या वरंब्यावर, दुसरं कडेच्या उंचवट्यावर घालून सावकाश नेतो. गोळा चाकोरीच्या खोलगट भागावरून जातो. गोळ्यासाठी एक पैसाही लागला नाही.

मे महिन्यात मी पुन्हा त्या गाडीखाली वाकलो. गोळ्याच्या तळाची चकाकी गेली होती. तिथं तांबूस गंजाचा पातळ थर धरला होता.