कानामागची गाठ: अवधाण की चरबीची गाठ?

केस विंचरताना कानामागे वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते आणि मनात पहिला विचार येतो तो कॅन्सरचा. बहुतेकदा तसं काहीच नसतं. आधी दुसऱ्या कानामागे हात लावून पाहा. तिथेही तसाच टणक उंचवटा असेल तर ते तुमचं हाडच आहे. एकाच बाजूला असेल तर बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते: सुजलेली लसिकाग्रंथी, म्हणजे अवधाण, नाहीतर कातडीतली पिशवी, जिला सगळे चरबीची गाठ म्हणतात.

पायाला ठेच लागून पिकली की जांघेत अवधाण येतं, हे घरोघरी माहीत असतं. कानामागेही तेच घडतं, फक्त जखम डोक्यात शोधायची. कानामागच्या ग्रंथींकडे टाळूचा आणि कानाच्या मागच्या भागाचा लसिकाद्रव, म्हणजे पेशींभोवतीचं पाणी, येतो. म्हणून उवा खाजवून झालेले ओरखडे, केसतूड, कोंड्याने सोललेली कातडी, नुकताच टोचलेला आणि पिकलेला कान, हेअर डायची अ‍ॅलर्जी यांपैकी काहीही तिथे गाठ आणू शकतं. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर मी आधी उवाच बघायला सांगेन. अंगावर पुरळ आणि बारीक ताप असेल तर रुबेलाही असू शकतो.

अवधाण थोड्या दिवसांत उठतं, दाबलं की दुखतं, आणि वरची कातडी त्याच्यावरून मोकळी सरकते. डोक्यातलं कारण बरं झालं की आधी दुखणं थांबतं. गाठ विरायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. सडपातळ मुलांमध्ये छोटी, मऊसर गाठ त्यानंतरही बरेच महिने लागत राहते. ती वाढत नसेल तर जिवाला घोर लावून घेऊ नका. आणि दिवसातून दहा वेळा चाचपू नका, त्यानेच ती दुखरी राहते.

चरबीच्या गाठीचं वेगळं. ती कातडीलाच चिकटलेली असते, चिमटीत धरली तर कातडीसकट हलते. कधी मधोमध बारीक काळा ठिपका दिसतो. ती महिनोन्महिने, वर्षानुवर्षं हळूहळू वाढते आणि दुखत नाही. आत खरं तर चरबी नसते, कातडीच्या मेलेल्या पेशींचा पांढरट, कुबट वासाचा लगदा असतो. तो पिळून काढायचा मोह आवरा. पिशवी आतल्या आत फुटली की जागा लाल होते, ठणकते, आणि मग ती अवधाणासारखीच वाटू लागते. अशा वेळी एकच विचारायचं: दुखायच्या आधीपासून तिथे गाठ होती का? त्रास नसेल तर काढायची घाई नाही. काढायचीच तर सर्जन जागा बधिर करून पिशवीसकट काढतात. पिशवी आत राहिली तर गाठ परत येते. चुन्याचा लेप दोन्हीवर नको, कातडी भाजते.

चार आठवडे उलटूनही गाठ कमी होत नसेल, वाढत असेल, दोन सेंटिमीटरहून मोठी, दगडासारखी किंवा जागची न हलणारी असेल, सोबत रात्रीचा घाम किंवा वजन घटणं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे क्षयाच्या गाठीही पुष्कळ आढळतात. त्या बहुधा मानेत, न दुखणाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या असतात. गाठीत सुई टोचून नमुना तपासल्यावर आजार पसरतो, या भीतीपोटी लोक तपासणी टाळतात. ती भीती मनातून काढून टाका. क्षय निघाला तरी साधारण सहा महिन्यांचे उपचार असतात आणि सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतात.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. मुलाचा कान दुखतोय किंवा वाहतोय, ताप आहे, कानामागे लाल, दुखरी सूज आहे आणि कान पुढे ढकलल्यासारखा दिसतोय, तर संसर्ग कानामागच्या हाडात उतरलेला असू शकतो. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा, रात्र असेल तर सरळ मोठ्या रुग्णालयात जा.