पाण्याचा ताळेबंद

पाण्याचा ताळेबंद : एखाद्या गावाच्या शिवारात वर्षभरात पडलेले, मुरलेले, साठलेले आणि उपसलेले पाणी एकाच मापात मांडून, उरलेल्या पाण्यावर रब्बी-उन्हाळी पिकांचे क्षेत्र ठरवण्याची पद्धत. सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगलीतील आटपाडी, जत, कवठे महांकाळ या अवर्षणप्रवण तालुक्यांत तिची गरज सर्वांत जास्त आहे. 2019 मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत हे दोन्ही जिल्हे घेतले गेले आणि त्या योजनेच्या गावांना असा ताळेबंद करावा लागला.

पाणीटंचाई मोजण्याचे जगभर रूढ असलेले माप स्वीडनच्या जलतज्ज्ञ मालिन फाल्केनमार्क यांच्या नावाने ओळखले जाते. दरडोई वर्षाला 1,700 घनमीटरखाली पाणी गेले की ताण, 1,000 खाली टंचाई आणि 500 खाली तीव्र टंचाई. भारताचा आकडा 1951 मध्ये 5,177 होता, तो 2011 मध्ये 1,545 वर आला. पाणी तेवढेच राहिले, वाटेकरी वाढले. पण गावपातळीवर हे माप फारसे कामाचे नाही, कारण सरासरी फसवते. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवरच्या, माण तालुक्यातल्या दहिवडीला साडेचारशे-पाचशे मिलिमीटरवर भागवावे लागते. जिल्हा एकच. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी नेणारी रेल्वे मिरजेतून सुटत होती, पहिल्या खेपेला 10 वाघिणी आणि सुमारे 5 लाख लिटर. मिरज ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातला जत तालुका टँकरच्या रांगांसाठी ओळखला जातो.

मांडणीचा पाया एका हिशेबात आहे : 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. धरणाच्या बातम्यांतला टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर. तो गावाच्या हिशेबात आणू नये, आकडे दशांश चिन्हामागे हरवतात.

उदाहरणादाखल 1,000 हेक्टरचे गाव आणि 450 मिलिमीटर पाऊस घेऊ. जमा 450 कोटी लिटर. आकडा ऐकून सभेत हायसे वाटते, आणि फसगत इथेच होते. यातला मोठा भाग खरिपाची बाजरी, गवत आणि उघडी माती यांतून हवेत जातो, काही ओढ्याने गावाबाहेर जातो. बेसॉल्टच्या म्हणजे काळ्या पाषाणाच्या प्रदेशात साधारण 7 ते 10 टक्केच पाणी मुरते. 8 टक्के धरले तर 36 कोटी. बंधारे-तलावांत 20 कोटी साठले तरी बाष्पीभवन आणि गाळ वजा जाता 12 कोटी हाती लागतात. एकूण 48 कोटी. यातले 5 कोटी ओढ्या-झऱ्यांतून आपोआप खालच्या गावाला जाणार, तेवढे सोडावे. उरले 43.

खर्चात पहिला मान पिण्याच्या पाण्याचा. 2,500 माणसे, माणशी दिवसाला 55 लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे 5 कोटी. 800 मोठी जनावरे 50 लिटरने आणि 2,000 शेळ्या-मेंढ्या 6 लिटरने मिळून आणखी जवळपास 2 कोटी. शेतीला राहिले 36 कोटी. रब्बी ज्वारीला तीन संरक्षित पाण्यांत (पीक वाचवण्यापुरत्या पाळ्यांत) हेक्टरी सुमारे 20 लाख लिटर लागतात, म्हणजे 180 हेक्टर ज्वारी भिजते. पाटाने पाणी दिलेला ऊस हेक्टरी अडीच कोटींच्या घरात जातो. त्याच पाण्यात 14 हेक्टर ऊस. दुसऱ्या शब्दांत, दोन हेक्टर ऊस अख्ख्या गावाचे वर्षाचे पिण्याचे पाणी पितो. ठिबकने यात चांगली बचत होते, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर लावला की ताळेबंद पुन्हा तिथेच येतो. फळबागेचे दुखणे वेगळे : डाळिंब किंवा द्राक्ष तुटीच्या वर्षी ‘यंदा लावत नाही’ म्हणून थांबवता येत नाही. म्हणून बागेचे पाणी ज्वारीआधी, पण नवीन लागवडीला परवानगी देण्याआधी सलग तीन वर्षांचे ताळेबंद पाहून ठरवावे.

विहिरीचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नये. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी एक मीटर उतरले म्हणजे सुमारे 50,000 लिटर गेले. संध्याकाळी मोटार बंद केल्यावर वजन बांधलेली टेप सोडून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर लिहावे, पहाटे मोटार सुरू होण्याआधी पुन्हा. फरक म्हणजे रात्रीचा पाझर. मोटारीचा उपसा 200 लिटरच्या पिंपाने मोजता येतो : पिंप 25 सेकंदांत भरले तर तासाला 28,800 लिटर. मोटार किती तास चालली, हे मालकाला विचारण्यापेक्षा विजेची वेळ पाहावी.

पाऊस महसूल मंडळाच्या मापकावरून घेतला की चूक होते, कारण वळवाचा आणि परतीचा पाऊस एका वाडीवर पडतो आणि शेजारच्या वाडीला नुसते ढग दिसतात. गावात स्वतःचा मापक उघड्यावर, झाड-भिंतीपासून दूर बसवून रोज सकाळी साडेआठला नोंद करावी. सरळ भिंतीचा डबा चालतो. खाली निमुळत्या डब्यात पाऊस जास्त दिसतो.

ताळेबंद सप्टेंबरमध्ये उरकू नये. माणदेशात पावसाचा मोठा वाटा परतीचा असतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये, रब्बीची पेरणी डोक्यावर येण्याच्या आत मांडावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चारदा मोजते. गावानेही त्याच महिन्यांत मोजली तर तुलना जमते.

हिशेब बिघडतो तो ठराविक ठिकाणी. पाझर तलावातले, म्हणजे जमिनीत मुरवण्यासाठी अडवलेले पाणी एकदा साठ्यात आणि पुन्हा खालच्या विहिरींत धरले जाते. तलावाची क्षमता बांधल्या दिवसाची लावली जाते, गाळ कोणी मोजत नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे आवर्तन (पाळीने सोडलेले पाणी) येणार असे कळताच ते जमेत लिहिले जाते. पंप बंद राहिला किंवा वरच्या चारीने (लहान पाटाने) पाणी ओढले तर तूट थेट मार्चमध्ये उघड होते. आलेले पाणी चारीच्या तोंडाशी मोजूनच लिहावे. सर्वांत मोठी गळती मात्र न सांगितलेल्या बोअरची. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे, तरी पाचशे-सातशे फुटांची भोके शिवारात पडतातच. खोल बोअरला लागलेले पाणी बहुधा जुने असते, एका पावसाळ्याने ते भरून येत नाही. ते जमेत धरणे म्हणजे मुद्दल व्याज म्हणून खाणे.

पाणलोटाच्या कामांनी जमेची बाजू वाढते, हे कोरेगाव तालुक्यातील वेळू (2016) आणि माणमधील टाकेवाडी (2018) या पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा जिंकलेल्या गावांनी दाखवले. खर्चाच्या बाजूवर जुना धडा खानापूर तालुक्यातील बलवडीचा आहे. येरळा नदीवर शेतकऱ्यांनी वाळूविक्रीच्या पैशातून बळीराजा धरण बांधले आणि पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न वाटता कुटुंबावर वाटण्याचे तत्त्व धरले, भूमिहीनालाही वाटा. असे वाटप झाले की ऊस लावणारा दुसऱ्याचा वाटा मागायला दारात येतो, आणि ताळेबंदातला प्रत्येक आकडा कोणाच्या तरी नावावर बसतो.