ट्रोल आले कुठून?

ट्रोल म्हणजे ऑनलाइन शिवीगाळ करणारा, अशी सरसकट समजूत आहे आणि ती चुकीची आहे. शिवीगाळ करणारा स्वतः चिडलेला असतो. ट्रोल शांत असतो, त्याला समोरच्याला चिडवायचं असतं. चालत्या होडीमागे गळ ओढत नेण्याच्या मासेमारीवरून हे नाव पडलं, असं सहसा मानतात. चर्चेत हा गळ पडू लागला तो यूजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चागटांच्या जाळ्यावर.

ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी १९७९ मध्ये यूजनेटची कल्पना मांडली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या काही गटांत जुने सदस्य मुद्दाम चावून चोथा झालेला विषय काढत. नवखा तावातावाने उत्तर द्यायला धावे, जुने मनात हसत. त्या खोडीला तेव्हा मर्यादा होती, कारण माणसं एकमेकांना ओळखत होती. १९९३ च्या सप्टेंबरपासून नव्या लोकांचा ओघ थांबेना. १९९४ मध्ये अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने आपल्या ग्राहकांना यूजनेट खुलं केलं आणि गटाच्या रीतीभाती शिकवायला कुणाला उसंतच उरली नाही.

चांगला गळ साधा दिसतो. भाषा सभ्य, प्रश्न भोळा आणि आत एकच ठसठशीत चूक. पहिला वाचक चूक सुधारतो. ट्रोल आभार मानून तीच चूक पुन्हा करतो. दुसरा खेकसतो, तिसरा दुसऱ्याला सुनावतो. आता ट्रोलने काही लिहिलं नाही तरी चालतं, भांडण सदस्यांचंच झालेलं असतं. संशोधक ज्युडिथ डोनाथ यांनी १९९० च्या दशकाअखेर याहून मोठं नुकसान दाखवून दिलं: ट्रोलने पोळलेला गट खरोखरच्या अजाण माणसालाही हाकलून देतो. माझ्या मते सगळ्यात महाग पडतं ते हेच.

उपायांचा इतिहासही जुना आहे. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये केलेल्या, यूजनेट वाचायच्या ‘आरएन’ या प्रोग्रॅममध्ये किल फाइल नावाची यादी होती. त्या यादीत नाव टाकलं की त्या माणसाचं लिखाण दिसत नसे. पण इतर जण त्याला उत्तर देताना त्याचाच मजकूर उद्धृत करत, त्यामुळे तो मागच्या दाराने परत येई. पुढे १९९९ च्या सुमारास स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या संकेतस्थळाने वाचकांकडून उणे १ ते ५ असे गुण द्यायला सुरुवात केली. कमी गुणांचं लिखाण आपोआप खाली दबतं. मात्र टोळीने ठरवून गुण दिले की हीच पद्धत उलटते. तिसरा उपाय गुपचूप बंदीचा. तीत ट्रोलला स्वतःचं लिखाण दिसतं, इतरांना नाही. लॉग आउट करून पाहिलं की त्याला ते कळतं आणि तो नवं खातं उघडतो.

दरम्यान ट्रोलिंग पगारी कामही झालं. पगारी ट्रोल ठेवणाऱ्या, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या ‘इंटरनेट रिसर्च एजन्सी’ या कंपनीवर अमेरिकेत फेब्रुवारी २०१८ मध्ये आरोपपत्र दाखल झालं.

तरीही ट्रोल ही वेगळी जमात नाही. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६६७ जणांवर प्रयोग केला: आधी चाचणी, मग ऑनलाइन चर्चा. सोपी चाचणी आणि साध्या प्रतिक्रिया मिळालेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी खोडसाळ लिहिलं. अवघड चाचणीने वैतागलेल्या आणि वर ट्रोलच्या प्रतिक्रिया वाचलेल्यांत हे प्रमाण ६८ टक्के होतं. म्हणून चर्चेवर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रकाने आधी चर्चेच्या धाग्याच्या सुरुवातीच्या प्रतिक्रिया पाहाव्यात, गळ तिथेच काढावा आणि काढल्याची जाहीर दवंडी पिटू नये.