गाभण मेंढीचे विण्यापूर्वीचे आजार

मेंढी साधारण १४७ ते १५० दिवसांत विते. त्यातल्या शेवटच्या सहा आठवड्यांत गर्भविषबाधा, कॅल्शियमची कमतरता, अंग (योनीचा भाग) बाहेर येणे आणि गर्भपात हे आजार प्रामुख्याने दिसतात. गर्भाची सुमारे ७० टक्के वाढ याच काळात होते. गर्भाशय वाढून कोठीपोटाला (चारा साठवून आंबवणाऱ्या मोठ्या पोटाला) दाबते, त्यामुळे मेंढीची गरज वाढते तेव्हाच तिच्या पोटात चाऱ्याला जागा कमी उरते. पहिले दोन आजार या पेचातूनच होतात. मेंढी आडवी पडते त्या दिवशी आजार दिसतो खरा, पण त्याची सुरुवात तीन-चार आठवडे आधी चाऱ्यात झालेली असते.

कोल्हापूर जिल्ह्यातील कळप मुख्यतः दख्खनी जातीचे असून कोल्हापुरी हा त्या जातीचाच एक उपप्रकार मानला जातो. पावसाळ्याच्या तोंडाला भरलेल्या (फळलेल्या) मेंढ्या नोव्हेंबर-डिसेंबरात वितात, आणि ऊसतोडीचा हंगामही नेमका तेव्हाच जोरात असतो. शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीर या भागांत शेतात बकरी बसवणाऱ्या (खतासाठी मेंढ्यांचा कळप मुक्कामी ठेवणाऱ्या) मेंढपाळाला तोड झालेल्या फडातले वाडे (उसाचे हिरवे शेंडे) भरपूर आणि बहुधा फुकट मिळते. वाड्याने पोट टम्म भरते, पण त्यात प्रथिने कमी असतात आणि त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. गाभण मेंढी दोन-तीन आठवडे निव्वळ वाड्यावर राहिली, तर भरल्या पोटीच तिची उपासमार होते. कळप हिरव्यात चरताना दिसत असल्याने हे मालकाच्या ध्यानात येत नाही.

दख्खनी मेंढीला बहुतेक वेळा एकच कोकरू होते, म्हणून गर्भविषबाधा हा मोठ्या विदेशी जातींचाच आजार असल्याची समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील जुळ्यांचे जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. या किंवा तिच्या संकरातल्या मेंढ्या पाळणाऱ्याने जुळे गृहीत धरूनच खुराक ठरवावा. फार रोडावलेली किंवा फार माजलेली (चरबी चढलेली) मेंढी मात्र एकाच कोकरासाठीही आजारी पडते.

ओळख : पहिली खूण चरताना दिसते. कळप पुढे सरकतो आणि एक मेंढी मागे राहते. सकाळी वाघर (कळपाभोवतीचे जाळीचे कुंपण) उघडल्यावर ती उठायला वेळ लावते आणि भरड्याच्या पाटीकडे येऊन नुसतीच उभी राहते. अशी मेंढी त्याच दिवशी बाजूला काढून तपासावी, उद्यावर टाकू नये. आधी ताप पाहावा. निरोगी मेंढीचे तापमान साधारण १०२ ते १०४ अंश फॅरनहाइट असते आणि दुपारच्या उन्हात लोकरीमुळे थोडे चढते. पुढचे दोन्ही मुख्य आजार बिनतापाचे आहेत. ताप असेल तर फुफ्फुसदाह, कासदाह, पीपीआर (मेंढ्या-शेळ्यांचा विषाणूजन्य रोग) किंवा गर्भाशयाचा संसर्ग यांचा विचार करावा.

गर्भविषबाधा : शेवटच्या दोन ते चार आठवड्यांत होते. रक्तातील साखर उतरते, शरीर स्वतःची चरबी जाळू लागते, ती यकृतात साठते आणि कीटोन द्रव्ये रक्तात वाढतात. आजार हळूहळू, दोन ते सात दिवसांत चढतो. मेंढी आधी खुराक सोडते आणि मग चारा. लेंड्या कोरड्या, थोड्या आणि चिकट पडतात. पुढे दात खाणे, डोळे उघडे असूनही न दिसणे, कुंपणाला डोके टेकवून उभे राहणे, मान वर किंवा मागे वळवणे, ओठ व कान थरथरणे ही लक्षणे येतात. श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो, पण तो प्रत्येकाच्या नाकाला कळतोच असे नाही. त्यापेक्षा लघवीची तपासणी भरवशाची. माणसांसाठी औषध दुकानात मिळणारी कीटोनची पट्टी इथेही चालते. मेंढीच्या नाकपुड्या हाताने अलगद बंद केल्या की ती बहुधा अर्ध्या मिनिटात मुतते. धार सुरू होताच हात सोडावा. अशक्त किंवा धापा टाकणाऱ्या मेंढीवर हा प्रयोग करू नये. पट्टी गडद जांभळी झाली तर निदान जवळजवळ पक्के.

कॅल्शियमची कमतरता : ही काही तासांत येते. कारण बहुधा आदल्या दिवशीचे असते : लांबची चाल, टेम्पोतून वाहतूक, औषध पाजण्यासाठी कळप दिवसभर उपाशी कोंडणे किंवा चारा अचानक बदलणे. मेंढी ताठरल्यासारखी चालते, थरथरते, मग छातीवर बसते आणि मान पुढे लांबवते. कान गार पडतात, बाहुल्या विस्फारतात, पोट फुगू लागते आणि लेंड्या थांबतात. उपचाराविना ती एका दिवसातही दगावते. एकाच वेळी तीन-चार मेंढ्या बसल्या तर संशय आधी कॅल्शियमवरच घ्यावा.

उपचार : पशुवैद्यकाला बोलवावे, १९६२ या टोल फ्री क्रमांकावरून फिरते पथकही मागवता येते. आडव्या मेंढीत दोन्ही आजार एकत्र असणे नेहमीचे, म्हणून कॅल्शियम लवकर देऊन पाहणे शहाणपणाचे. २५ टक्के कॅल्शियम बोरोग्लुकोनेट अंगाच्या उष्णतेइतके कोमट करून कातडीखाली, दोन-तीन ठिकाणी वाटून देतात. ३० किलोच्या मेंढीला ३० ते ५० मिलि. निव्वळ कमतरता असेल तर अर्ध्या ते एका तासात ढेकर येतो, लेंड्या पडतात आणि मेंढी उठते. शिरेतून देणे पशुवैद्यकाचेच काम, कारण घाईने गेलेले कॅल्शियम हृदय थांबवते. दुकानातली ४५० मिलिची बाटली गायीच्या हिशेबाने भरलेली असते, ही साधी गोष्ट विसरल्यानेही मेंढ्या मरतात.

गर्भविषबाधेत प्रोपिलीन ग्लायकॉल तोंडावाटे दिवसातून दोनदा, तीन ते चार दिवस देतात. पुस्तकांतली ६० मिलिची मात्रा ६०-७० किलोच्या मेंढीसाठी आहे. दख्खनी मेंढी त्याच्या निम्म्या वजनाची असल्याने ३० ते ४० मिलि पुरे, जास्त दिल्यास ती झिंगते. ग्लायकॉल नसेल तर ग्लिसरीन चालते. कोल्हापुरात घरोघरी असलेला उपाय म्हणजे गुळाचे पाणी. पहिल्या दिवशी, मेंढी अजून थोडे खात असताना, ५० ग्रॅम गूळ कोमट पाण्यात पाजल्याने नुकसान नाही. मात्र गूळ कोठीपोटात आंबतो, त्यातली साखर थेट रक्तात पोचत नाही. आणि अर्धा किलो गूळ ओतला तर पोट आंबून दुसराच आजार मागे लागतो. ग्लुकोजचे सलाईन शिरेतूनच द्यावे. तीव्र ग्लुकोज कातडीखाली टोचल्यास तिथले मांस सडते.

पाजताना मेंढीचे नाक डोळ्यांच्या रेषेच्या वर जाऊ देऊ नये. नळी किंवा बाटली गालाच्या फटीतून घालावी आणि घोट गिळला की पुढचा द्यावा. मान उंच करून घाईने ओतलेले औषध फुफ्फुसात जाते आणि मेंढी दोन दिवसांनी न्युमोनियाने मरते. दोष मात्र औषधाला दिला जातो. पडलेली मेंढी छातीवर टेकवून बसवावी, दोन्ही बाजूंना गवताची पेंढी लावावी, दर तीन-चार तासांनी कूस बदलावी आणि तोंडाशी पाणी, शेवरीचा किंवा सुबाभळीचा कोवळा पाला ठेवावा.

दोन दिवसांत फरक नसेल तर गर्भ बाहेर काढणे हाच उपाय उरतो. १४० दिवस पूर्ण झाले असतील तर पशुवैद्यक डेक्सामेथासोन (कळा आणणारे स्टेरॉइड) देतात आणि मेंढी बहुधा दोन-तीन दिवसांत विते. फारच खालावली असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते. १४० दिवसांच्या आधी जन्मलेले कोकरू क्वचितच जगते. म्हणून भरण्याची तारीख माहीत असणे मोलाचे. मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेली काव लावून दर १७ दिवसांनी रंग बदलला, तर कोणती मेंढी कधी भरली हे तिच्या पाठीवरच उमटते. आडवी पडून आंधळी झालेली मेंढी मात्र उपचारानंतरही फारशी वाचत नाही.

अंग बाहेर येणे : बसल्यावर दिसणारा आणि उठल्यावर आत जाणारा लाल गोळा ही सुरुवात. गोळा मिठाच्या कोमट पाण्याने धुवावा. सुजला असेल तर साखर चोळल्याने सूज उतरते. मेंढीचा मागचा भाग उंच धरून, नखे काढलेल्या स्वच्छ हाताने, तळव्याचा सावकाश दाब देत आत सारावे. मग दोरीचा पट्टा बांधावा किंवा पशुवैद्यकाकडून टाका घ्यावा. कळा सुरू होताच टाका सोडलाच पाहिजे. अशी मेंढी पुढच्या वर्षी ठेवू नये, कारण हा त्रास पुन्हा होतो.

गर्भपात : एखादी मेंढी दगड लागून किंवा धडकेने गाभडते. पण थोड्या दिवसांत दोन-तीन गाभडल्या तर ब्रुसेला, क्लॅमिडिया, साल्मोनेला यांसारखा संसर्ग धरून चालावे. ब्रुसेला आणि क्लॅमिडिया माणसालाही होतात. गर्भ व वार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांपुढे टाकू नये; तपासणीला नमुना दिल्यावर बाकीचे चुना टाकून खोल पुरावे. घरातल्या गरोदर बाईने विण्याच्या हंगामात मेंढ्यांपासून लांबच राहावे.

जंत : नदीकाठच्या मळीत किंवा पश्चिमेच्या भातखाचरांत चरून आलेल्या कळपात लिव्हर फ्लूक (यकृतातला चपटा जंत) हा छुपा भागीदार असतो. खालच्या पापणीचे अस्तर पांढरे पडते आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. अशी मेंढी खुराक घालूनही गर्भविषबाधेला बळी पडते. अल्बेंडाझोल भरल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात देऊ नये, गर्भात व्यंग येते.

प्रतिबंध : विण्याच्या सहा आठवडे आधी प्रत्येक मेंढीच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीमागे हात दाबून पाहावा. हाडांची टोके टोचत असतील तर ती रोड; दाबूनही लागत नसतील तर माजलेली. माजलेल्या मेंढीला या टप्प्यावर उपाशी ठेवून बारीक करणे धोक्याचे. मक्याचा भरडा आणि शेंगदाणा पेंड मिळून १०० ग्रॅमपासून सुरुवात करून दोन आठवड्यांत २५० ते ३०० ग्रॅमवर न्यावे, जुळी असतील तर आणखी थोडे. वाड्याबरोबर भुईमुगाचा वेल किंवा सोयाबीनचा भुसा मिसळावा आणि वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडावी. गायीचे खनिज मिश्रण वापरू नये. त्यातले तांबे मेंढीच्या यकृतात साठून विषबाधा होते. आंत्रविषाराची (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस विण्याच्या तीन ते चार आठवडे आधी दिल्यास चिकातून कोकरांनाही संरक्षण मिळते. लस टोचताना गाभण मेंढी पाय ओढून पाडू नये, उभीच धरावी.