आरोपीच्या पिंजऱ्यात आधी कॉमिक्स होती

एखाद्या पोराच्या हातून गुन्हा घडला की तो कोणता गेम खेळत होता, कोणती सिरीज पाहत होता, हा प्रश्न आज लगेच पुढे येतो. सत्तरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत हाच प्रश्न कॉमिक्सबद्दल विचारला जात होता, आणि तोही थेट सिनेटच्या उपसमितीपुढे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे बालगुन्हेगारीची मोठी धास्ती होती. खून, दरोडे, भुताखेतांची कॉमिक्स दहा सेंटांत मिळत. 1948मध्ये काही गावांत मोठ्यांच्या देखरेखीखाली शाळकरी मुलांनी त्यांच्या चक्क होळ्या केल्या. या रोषाला वैद्यकीय वजन मिळालं ते मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फ्रेड्रिक वर्दम यांच्यामुळे. त्यांना प्रसिद्धीला हपापलेला माणूस ठरवणं अन्यायाचं होईल. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, एका चर्चच्या तळघरात, त्यांनी 1946मध्ये दवाखाना सुरू केला होता. ज्या कृष्णवर्णीयांना मानसोपचार मिळणं दुरापास्त होतं, त्यांना तिथे 25 सेंटांत तपासत. तिथे येणारी बहुतेक मुलं कॉमिक्स वाचतात, हे त्यांच्या लक्षात आलं. पण त्या काळी अमेरिकेतली बहुतेक सगळीच मुलं कॉमिक्स वाचत होती.

1954मध्ये कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं त्यांचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक आलं आणि त्याच एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला सिनेटच्या उपसमितीची सुनावणी झाली. सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांनी एका कॉमिकचं मुखपृष्ठ दाखवलं: पुरुषाच्या एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड, दुसऱ्यात बाईचं तोडलेलं मुंडकं. हे अभिरुचीला धरून आहे का, असं त्यांनी प्रकाशक विल्यम गेन्स यांना विचारलं. गेन्स म्हणाले, भयकथेच्या मुखपृष्ठापुरतं आहे. मुंडकं आणखी वर धरून मानेतून गळणारं रक्त दाखवलं असतं, तर नसतं. या उत्तराने प्रकाशकांची बाजू पार कोसळली. काही महिन्यांतच त्यांनी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, शीर्षकात ‘हॉरर’ शब्द नको, अशी कलमं त्यात होती. ब्रिटनने 1955मध्ये, भारताने 1956मध्ये बालकांसाठी घातक प्रकाशनांविरुद्ध कायदे केले.

कॉमिक्स तर सोवळी झाली, पण गुन्हे कमी झाले नाहीत. अमेरिकेत नोंदवलेल्या हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण 1960मध्ये लाखामागे 160च्या आसपास होतं, ते 1991मध्ये 758वर गेलं. नंतर ते घसरू लागलं, नेमकं ‘डूम’सारखे गोळीबाराचे गेम घराघरांत शिरत असताना. म्हणून गेममुळे गुन्हे घटले, असं म्हणता येत नाही. पण ते वाढले, हा दावा मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

वर्दम यांची कागदपत्रं 2010मध्ये अभ्यासकांना खुली झाली. ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापक कॅरल टिली यांनी ती पुस्तकाशी ताडून पाहिली. मुलांची वयं बदललेली, वेगवेगळ्या मुलांची बोलणी एकत्र केलेली आढळली. शाळा बुडवणाऱ्या एका तेरा वर्षांच्या मुलीच्या वागण्याचं खापर पुस्तकात कॉमिक्सवर फोडलं होतं. ती टोळीत होती, घरातून पळालेली होती, तिला वाचण्यातच अडचण होती, हे मूळ नोंदींत होतं. पुस्तकात त्यातलं काहीच नव्हतं. मला यातलं सर्वांत जास्त हेच बोचतं. या मुलांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरनेच त्यांचे खरे हाल गाळले, आणि सिनेटपासून शाळांपर्यंत सगळ्यांना ती गाळलेली गोष्टच सोयीची वाटली.

हिंसक दृश्यांचा मुलांवर काहीच परिणाम होत नाही, असा याचा अर्थ नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या 2020च्या ठरावात हिंसक गेम आणि ओरडणं, ढकलणं अशा आक्रमक वागण्यात थोडा, पण विश्वासार्ह संबंध मान्य केला आहे. प्रत्यक्ष हिंसाचाराचं कारण म्हणून गेमकडे बोट दाखवणं मात्र शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे.