जैव-लोकसंख्याशास्त्र

जन्म, संतती, वार्धक्य आणि मृत्यू यांचे वयागणिक बदलणारे प्रमाण निरनिराळ्या जीवजातींत मोजून त्यांची तुलना करणारी अभ्यासशाखा. तिचे मुख्य साधन म्हणजे आयुर्मान-सारणी. एकाच वेळी जन्मलेल्या जीवांपैकी कोणत्या वयाला किती उरले आणि उरलेल्यांना किती संतती झाली, याचा हा तक्ता असतो. माणसांच्या बाबतीत पुण्यात हा हिशोब जुना आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांनी केलेली पुणे जिल्ह्यातील जनन-मृत्यूची पाहणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या पाहणीतले मूळ प्रश्न झाडाझुडपांनाही विचारता येतात.

इंग्रज गणितज्ञ बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये दाखवले, की प्रौढ माणसाच्या मृत्यूचा धोका वयाबरोबर पटीपटीने वाढतो. आजच्या मोजणीनुसार तो साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. हा नियम सगळ्या सजीवांना लागू असावा, असे पुष्कळ काळ गृहीत धरले गेले. २०१४ मध्ये ४६ जीवजातींच्या सारण्या शेजारी शेजारी मांडल्या गेल्या, तेव्हा मात्र चित्र फार वेगळे निघाले. काहींचा मृत्युदर म्हातारपणी चढतो, काहींचा जन्मभर जवळपास सपाट राहतो, तर अमेरिकेतील वाळवंटी कासवासारख्या काहींचा तो वयाबरोबर उतरतो. दीर्घायुष्य आणि वार्धक्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हा या शाखेचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष म्हणावा लागेल. आयुष्य किती लांब, हा एक प्रश्न. त्या आयुष्यात धोका कसा चढतो-उतरतो, हा दुसरा.

सपाट मृत्युदराचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे हायड्रा हा गोड्या पाण्यातील काही मिलिमीटर लांबीचा जीव. त्याच्या शरीरातील मूलपेशी (ज्यांपासून इतर पेशी घडतात) सतत विभागत राहतात आणि जुन्या पेशी झडून जातात. प्रयोगशाळेतील सुरक्षित परिस्थिती कायम राहिली, तर १,४०० वर्षांनंतरही पाच टक्के हायड्रा जिवंत असतील, असे वरील अभ्यासाचे गणित सांगते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर दीर्घकाळ काम झाले असून, तिथल्या एका वाणाच्या शास्त्रीय नावात पुण्याचाच उल्लेख आहे.

याचे दुसरे टोक पाहायला सह्याद्रीत जावे. कारवी साधारण सात वर्षे नुसती वाढते, मग डोंगरउतारावरची बहुतेक झुडपे एकाच हंगामात निळ्या-जांभळ्या फुलांनी भरतात, बी धरतात आणि वाळून जातात. तिच्या बाबतीत जनन आणि मरण एकाच घटनेत येतात. घराचे कूड बांधायला कारवीच्या काठ्या वापरणाऱ्या डोंगरातल्या लोकांना हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कळकाचे, म्हणजे बांबूचे, बेटही असेच, फक्त त्याची फेरी कित्येक दशकांची. सर्व झाडे एकदम फुलल्याने बी खाणाऱ्यांचे पोट भरूनही भरपूर बी उरते, हे या एकसाथ फुलण्याचे एक मान्य स्पष्टीकरण आहे.

वार्धक्य येतेच का, याचे उत्तर उत्क्रांतीत शोधले जाते. जीवशास्त्रज्ञ पिटर मेडावर (१९५२), जॉर्ज विल्यम्स (१९५७) आणि विल्यम हॅमिल्टन (१९६६) यांच्या मांडणीचा गाभा असा: संतती होऊन गेल्यावर दिसणाऱ्या दोषांवर निसर्गनिवडीची पकड सैल असते, म्हणून ते टिकून राहतात. पण मग ऑर्का (किलर व्हेल) या सागरी सस्तन प्राण्याच्या माद्या संतती थांबल्यावरही दशके का जगतात? मुला-नातवंडांना त्यांचा होणारा उपयोग, हे उत्तर आता बरेच स्वीकारले गेले आहे.

दुभंगून वाढणाऱ्या जिवाणूंना म्हातारपण नसते, ही समजूतही २००५ नंतर ढळली. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गणिती प्रारूपातून मांडले, की जिवाणूंचे वृद्ध होणे अटळ नसून परिस्थितीनुसार फायद्याचे ठरणारे धोरण असू शकते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतून निघालेला हा विचार जागतिक चर्चेत पोहोचला, याचे मोल मोठे आहे.

या शाखेची खरी अडचण वय ओळखण्याची आहे. माशांचे वय कानातील खड्यांच्या थरांवरून कळते, पक्ष्यांच्या पायात कडी घालून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. सागाच्या खोडातील वर्षवलये स्पष्ट असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ती जुन्या पावसाच्या अभ्यासासाठी वाचली जातात. वडाला मात्र अशी भरवशाची वलये नाहीत, आणि पारंब्यांची नवी खोडे होत गेल्याने त्याच्या सारणीत एक झाड कुठे संपले नि दुसरे कुठे सुरू झाले, हेच आधी ठरवावे लागते.